खंड सरकतात असे सांगणारे आल्फ्रेड वेगेनर

मुलांनो, वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा तुम्ही रोज पाहता. आज तो जरा वेगळ्या नजरेने पाहा. दक्षिण अमेरिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. ब्राझील देशाचा भाग समुद्रात पुढे आलेला दिसेल. आता बोट उजवीकडे सरकवत अटलांटिक महासागर ओलांडा आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर या. तिथे गिनीच्या आखातापाशी जमीन तशीच आत गेलेली आहे. जणू एकाच भाकरीचे दोन तुकडे करून कोणी ते दूर दूर ठेवले आहेत.

'जमीन', 'नकाशा', 'हवा' हे शब्द तुम्हाला उर्दूमुळे ओळखीचे आहेतच. 'खंड' हा शब्द कदाचित नवा असेल. उर्दूत ज्याला आपण 'बर्रे आजम' म्हणतो, त्याला मराठीत 'खंड' म्हणतात. या पाठात तो पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

एकदा माझ्या वर्गातील एका मुलीने दक्षिण अमेरिकेचा आकार पातळ कागदावर उतरवून घेतला, कात्रीने कापला आणि आफ्रिकेला जोडून पाहिला. तो बराचसा जुळला, पण मध्ये फटी राहिल्या. ती हिरमुसली. खरे तर तिची चूक नव्हती. किनारा म्हणजे खंडाची खरी कड नव्हे. किनाऱ्यापुढे काही अंतरापर्यंत खंडाची जमीन उथळ पाण्याखाली पसरलेली असते. तिला समुद्रबूड जमीन म्हणतात. ती जिथे संपते, तिथे खंडाची खरी कड असते. त्या कडा जुळवल्या, तर हे दोन खंड एकमेकांना फारच चांगले बसतात.

नकाशातील हा सारखेपणा फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आला होता. अब्राहम ऑर्टेलियस या नकाशाकाराने इ. स. १५९६ मध्ये त्याविषयी लिहून ठेवले होते. पण एखादी गोष्ट पाहणे वेगळे आणि तिचा पाठपुरावा करणे वेगळे. ज्यांनी हा पाठपुरावा केला आणि त्यासाठी पुष्कळ टीका सोसली, त्या आल्फ्रेड वेगेनर यांची ही गोष्ट आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते, जुन्या भाषा शिकवत आणि अनाथ मुलांचे एक वसतिगृहही चालवत. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटा. त्याचा मोठा भाऊ कुर्ट आणि तो यांची जोडी विशेष होती. दोघांनाही घराबाहेरचे जग प्रिय होते. भटकणे, डोंगर चढणे, बर्फावरून घसरत जाणे यांत त्यांचा वेळ जाई.

मोठेपणी आल्फ्रेड यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि १९०५ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तेराव्या शतकात स्पेनमध्ये ग्रहांच्या गतीची काही कोष्टके तयार झाली होती. राजा अल्फोन्सो याच्या नावाने ती ओळखली जातात. ती कोष्टके आजच्या पद्धतीने गणित करणाऱ्यांना वापरता यावीत, अशा रूपात त्यांनी मांडून दिली. या कोष्टकांच्या मागे अंदलुसमधील अझ-झरकाली या मुसलमान खगोलशास्त्रज्ञाच्या तोलेदो येथील कामाचा आधार होता. ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि एका देशातून दुसऱ्या देशात असे जात असते.

पण डॉक्टरेट मिळताच वेगेनर यांनी खगोलशास्त्र सोडले. दुर्बिणीसमोर एका जागी बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांना हवामानशास्त्राने ओढून घेतले. त्या काळी आकाशात उंचावरची हवा कशी असते, हे जाणण्यासाठी पतंग आणि फुगे सोडत. पतंग म्हणजे आपण गच्चीवरून उडवतो ते नव्हेत, तर उपकरणे वाहून नेणारे मोठे पतंग. फुगेही माणसाला घेऊन जाणारे. एप्रिल १९०६ मध्ये आल्फ्रेड आणि कुर्ट हे दोघे भाऊ अशाच एका फुग्यात बसून साडेबावन्न तास सलग हवेत राहिले. तोपर्यंत इतका वेळ कोणीही आकाशात राहिले नव्हते. तो जागतिक विक्रम ठरला.

त्याच वर्षी ते डेन्मार्कच्या एका मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले. ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक भाग बर्फाने झाकलेला आहे आणि हा बर्फ कित्येक ठिकाणी दोन-तीन किलोमीटर जाड आहे. या मोहिमेचे नेते मिलियुस एरिकसेन आणि त्यांचे दोन सोबती परतीच्या वाटेवर भूक आणि थंडी यांनी मरण पावले. ग्रीनलंड माणसाचे काय करू शकते, हे तरुण वेगेनर यांनी पहिल्याच खेपेस पाहिले. तरीही ते पुन्हा पुन्हा तिथे गेले.

परत आल्यावर ते मारबुर्ग येथील विद्यापीठात शिकवू लागले. ते अवघड विषय सोप्या शब्दांत समजावून सांगत, अशी त्यांची ख्याती होती. याच काळात त्यांचा व्लादिमीर कोपेन यांच्याशी परिचय झाला. तुमच्या भूगोलाच्या अभ्यासात जगाच्या हवामानाचे प्रकार पाडणारे कोपेन भेटतात ना, तेच हे. कोपेन यांची मुलगी एल्से हिच्याशी वेगेनर यांचा १९१३ साली विवाह झाला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९१० सालच्या अखेरीस नाताळच्या सुमारास वेगेनर यांच्या एका सहकाऱ्याला नकाशांचे मोठे पुस्तक भेट मिळाले. ते चाळताना अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांनी वेगेनर यांचे लक्ष वेधले. हे दोन किनारे एके काळी जोडलेले तर नसतील? विचार मनात आला, पण त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांना तो फारसा संभवनीय वाटला नाही.

पुढच्या वर्षी ग्रंथालयात त्यांच्या हाती एक लेख आला. त्यात अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना सापडलेल्या प्राचीन प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जीवाश्मांची माहिती होती. जीवाश्म म्हणजे लाखो, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांचे खडकात राहिलेले अवशेष किंवा ठसे. मेसोसॉरस नावाचा सुमारे एक मीटर लांबीचा, सरड्यासारखा दिसणारा एक जलचर प्राणी होता. त्याचे जीवाश्म दक्षिण अमेरिकेत सापडतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातही सापडतात. हा प्राणी उथळ पाण्यात राहणारा. त्याने हजारो किलोमीटर रुंद महासागर पोहून पार केला, असे कोण मानेल?

त्या काळच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला एक उत्तर शोधले होते. त्यांच्या मते दोन खंडांच्या मध्ये पूर्वी जमिनीच्या लांब पट्ट्या होत्या. प्राणी त्यांवरून पुलावरून जावे तसे गेले. पुढे हे पूल समुद्रात बुडाले. वेगेनर यांना हे पटेना. खंडांचे खडक वजनाला हलके असतात आणि समुद्रतळाचे खडक जड. हलका लाकडी ओंडका पाण्यात जसा खाली जाऊन बसत नाही, तसा खंडाएवढा हलका तुकडा जड खडकांत बुडून नाहीसा होऊ शकत नाही. मग एकच मार्ग उरत होता. पूल बुडाले नाहीत, खंडच दूर गेले.

केवळ आकार जुळतात एवढ्यावर वेगेनर थांबले नाहीत. ही गोष्ट नीट समजण्यासाठी चहाची एखादी फुटलेली बशी डोळ्यांसमोर आणा. दोन तुकड्यांच्या कडा जुळल्या, तर ते एकाच बशीचे असावेत असे वाटते. पण तुकडे जोडल्यावर बशीवरच्या वेलबुट्टीची रेघसुद्धा या तुकड्यावरून त्या तुकड्यावर सरळ गेली, तर मग शंका कशी राहील? वेगेनर यांनी ही वेलबुट्टी शोधायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेतील केप भागातल्या पर्वतरांगेची जोड त्यांना अर्जेंटिनात सापडली. उत्तर अमेरिकेतील अपॅलेचियन पर्वताची जोड स्कॉटलंड आणि नॉर्वेमध्ये सापडली. खडकांचे थर एकाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीला जाऊन मिळत होते.

या वेलबुट्टीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या भागांतील कोळशाच्या खाणी तुम्हाला माहीत असतील. तिथल्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. पान लांबट, जिभेच्या आकाराचे. हेच पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथील खडकांतही मिळते. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मरण पावलेले कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड सापडले. उपासमारीतही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते! चंद्रपूरच्या खाणीत आणि ध्रुवाजवळच्या बर्फात एकच झाड. ज्या खडकांत हे झाड मिळते त्यांना 'गोंडवन' खडक म्हणतात. हे नाव मध्य भारतातील गोंड लोकांच्या मुलखावरून दिलेले आहे आणि आज ते साऱ्या जगात वापरले जाते.

आणखी एक आश्चर्य ऐका. चंद्रपूर भागातील पैनगंगेच्या परिसरात काही फार जुन्या खडकांवर ओरखडे आहेत. वाहत्या हिमनदीत अडकलेले दगड खालच्या खडकावर घासत जातात, तेव्हा असे ओरखडे पडतात. म्हणजे जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, त्या चंद्रपुरात एके काळी हिमनद्या होत्या. तशाच खुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथेही आहेत, आणि त्या साधारण एकाच काळातील, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. उलट उत्तरेकडे, ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर कोळसा मिळतो. कोळसा दाट जंगलांपासून बनतो. आज तिथे एकही मोठे झाड उगवत नाही. हे खंड आज आहेत तिथेच कायम होते असे धरले, तर याचा काहीच मेळ बसत नाही. पण भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सारे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र होते असे माना, म्हणजे सगळे ओरखडे एकाच मोठ्या हिमस्तराचे ठरतात.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेत वेगेनर यांनी आपला विचार प्रथम मांडला. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. फार पूर्वी पृथ्वीवरील सर्व खंड मिळून एकच महाखंड होता. पुढे तो फुटला. त्याचे तुकडे हळूहळू दूर सरकत आजच्या जागी आले आणि अजूनही सरकत आहेत. या महाखंडाला पुढे 'पँजिया' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'सर्व भूमी'. या विचाराला आपण मराठीत 'खंडवहन सिद्धांत' म्हणतो.

सभेत विरोध झाला. कोपेन यांनीही, दुसऱ्यांच्या विषयात शिरून वेळ घालवू नये, असा वडिलकीचा सल्ला दिला होता. वेगेनर यांनी तो मानला नाही. पुढे हेच कोपेन सासरे म्हणून आणि शास्त्रज्ञ म्हणूनही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दोघांनी मिळून पृथ्वीच्या प्राचीन हवामानावर १९२४ साली एक ग्रंथही लिहिला.

सभा संपवून वेगेनर पुन्हा ग्रीनलंडला निघाले. या वेळी डेन्मार्कचे कोख हे नेते होते. चौघांनी बर्फाच्या पठारावरच हिवाळा काढला आणि १९१३ च्या उन्हाळ्यात आइसलंडी तट्टे बरोबर घेऊन सुमारे बाराशे किलोमीटर बर्फ आडवा ओलांडला. अन्न संपले. तट्टे गेली. शेवटी सोबतच्या कुत्र्यालाही मारून खाण्याची वेळ आली. वस्ती जवळ असूनही पावले उचलत नव्हती, तेवढ्यात एका धर्मोपदेशकाची होडी अचानक त्या बाजूने आली आणि ते वाचले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. वेगेनर यांना सैन्यात जावे लागले. ते दोनदा जखमी झाले, एकदा हाताला आणि एकदा मानेला गोळी लागली. मग त्यांना आघाडीवरून हलवून सैन्याच्या हवामान खात्यात नेमण्यात आले. या जखमांतून बरे होत असताना त्यांनी आपले पुस्तक लिहिले. 'खंड आणि महासागर यांची उत्पत्ती' असा त्याच्या जर्मन नावाचा अर्थ. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. शंभर पानांचेही नव्हते. युद्धाच्या धामधुमीत त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पण वेगेनर दर आवृत्तीत नवा पुरावा घालत राहिले. १९२२ च्या तिसऱ्या आवृत्तीची इतर भाषांत भाषांतरे झाली आणि मग वादळ उठले.

विरोधकांचे म्हणणेही आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. त्यांचा मुख्य प्रश्न साधा होता. खंड सरकतात हे मानू. पण त्यांना सरकवते कोण? एवढा मोठा खडक कठीण समुद्रतळातून वाट काढत कसा जाईल? वेगेनर यांनी दोन कारणे सुचवली. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंडांना विषुववृत्ताकडे ढकलणारे बल आणि सूर्य-चंद्राची ओढ. इंग्लंडचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित करून दाखवले, की ही बले खंड हलवण्याच्या मानाने फारच क्षुल्लक आहेत. जेफ्रीज यांचे ते गणित बरोबर होते. ग्रीनलंड युरोपपासून दर वर्षी कित्येक मीटर दूर जात आहे, असेही वेगेनर यांनी जुन्या मोजमापांवरून म्हटले होते. तेही चुकीचे ठरले. मोजमापातच मोठ्या चुका होत्या.

पण सारा विरोध इतका विचारपूर्वक नव्हता. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये या सिद्धांतावर भूशास्त्रज्ञांची मोठी चर्चा झाली. त्यात बहुतेक वक्ते विरोधात होते. हवामानाचा माणूस आमच्या विषयात का लुडबुडतो, हा सूर अनेकांच्या बोलण्यात असे. मला इथे एक गोष्ट खटकते. वेगेनर यांनी सांगितलेले कारण चुकले होते हे खरे, पण त्यामुळे जीवाश्म, पर्वत आणि ओरखडे हा पुरावा खोटा ठरत नव्हता. चोर भिंतीवरून कसा चढला हे सांगता आले नाही, म्हणून चोरी झालीच नाही असे कोणी म्हणते का?

काही थोडे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने होते. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर दु तॉय यांनी स्वतः दक्षिण अमेरिकेत जाऊन दोन्हीकडचे खडक ताडून पाहिले. इंग्लंडचे आर्थर होम्स यांनी खऱ्या कारणाकडे बोट दाखवले. पातेल्यात दूध तापते, तेव्हा खालचे गरम दूध वर येते, बाजूला सरकते आणि थंड होऊन पुन्हा खाली जाते. पृथ्वीच्या पोटातील तप्त खडकही असेच अतिशय मंद गतीने वर-खाली फिरत असावेत आणि वरचे खंड त्यांच्याबरोबर वाहत असावेत, असे त्यांनी सुचवले. त्या वेळी त्यांचेही फारसे कोणी ऐकले नाही.

वेगेनर यांना जर्मनीत प्राध्यापकाची कायम जागा मिळाली नाही. अखेर १९२४ साली ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाने त्यांना बोलावले. तिथे एल्से, तीन मुली आणि सासू-सासरे यांच्यासह ते सुखात राहिले. सुखात राहणारा माणूस पन्नाशीजवळ आल्यावर पुन्हा ग्रीनलंडला जातो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

१९३० सालची ही मोहीम त्यांच्या स्वतःच्या नेतृत्वाखाली होती. ग्रीनलंडच्या पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवर एकेक तळ आणि अगदी मध्यभागी तिसरा तळ, अशी योजना होती. हा मधला तळ किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, सुमारे ३००० मीटर उंचीवर होता. 'आइसमिटे' म्हणजे 'बर्फाचा मध्य' असे त्याचे नाव. तिथे वर्षभर राहून हवामान नोंदवायचे आणि बर्फाची जाडी मोजायची होती.

सुरुवातच बिघडली. किनाऱ्याजवळचा समुद्र गोठलेला असल्यामुळे जहाजातील सामान उतरवायला पाच आठवड्यांहून अधिक उशीर झाला. पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या मोटार स्लेज आणल्या होत्या, त्या मऊ बर्फात चालेनात. (स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकांची गाडी.) मधल्या तळावर गेओर्गी आणि झोर्गे हे दोघे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याजवळ हिवाळ्यापुरते अन्न आणि इंधन पोहोचले नव्हते. सामान वेळेवर आले नाही, तर २० ऑक्टोबरला आपण पायी परत निघू, असा निरोप त्यांनी पाठवला. त्या थंडीत पायी निघणे म्हणजे मृत्यूच.

वेगेनर यांनी स्वतः जायचे ठरवले. सप्टेंबरमध्ये ते निघाले. बरोबर फ्रिट्झ लोवे हे सहकारी, तेरा ग्रीनलंडवासी आणि कुत्र्यांच्या पंधरा स्लेज. वादळे सुरू झाली. वाट बर्फाने भरून गेली. बहुतेक ग्रीनलंडवासी परत फिरले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. बर्फ त्यांना सर्वांपेक्षा अधिक कळत होता. शेवटी वेगेनर, लोवे आणि रासमुस विलुमसेन नावाचा विशीतला एक ग्रीनलंडी तरुण, असे तिघेच पुढे गेले. ओझे कमी करण्यासाठी जवळजवळ सारे सामान वाटेत टाकावे लागले. पारा उणे ५० अंशांच्याही खाली उतरला. लोवे यांच्या पायाची बोटे गोठली.

चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, ते आइसमिटेवर पोहोचले. पाहतात तो काय, गेओर्गी आणि झोर्गे तिथेच होते! त्यांनी बर्फात गुहा खोदली होती आणि जेवढे अन्न आहे तेवढ्यावर हिवाळा काढायचे ठरवले होते. ज्या सामानासाठी एवढा प्रवास केला ते पोहोचले नव्हते, आणि ज्या माणसांना वाचवायचे होते ती सुखरूप होती.

लोवे यांना हलवणे शक्य नव्हते. पुढे गेओर्गी यांनी साध्या खिशातल्या चाकूने आणि पत्रा कापायच्या कात्रीने त्यांची मेलेली बोटे कापली, तीही भूल न देता. अन्न तिघांपुरतेच होते, पाच जणांना पुरले नसते. म्हणून १ नोव्हेंबर १९३० रोजी वेगेनर आणि विलुमसेन दोन स्लेज आणि सतरा कुत्री घेऊन पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. त्या दिवशी वेगेनर यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली.

ते किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. आइसमिटेवरच्या तिघांना वाटत होते की ते पोहोचले असतील. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटत होते की ते आइसमिटेवरच थांबले असतील. संदेश पाठवायचे साधन नव्हते. हिवाळाभर कोणालाच काही कळले नाही.

वसंत ऋतूत शोध सुरू झाला. निम्म्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या दोन स्की दिसल्या. १२ मे १९३१ रोजी तिथे खणले, तेव्हा वेगेनर यांचा देह मिळाला. खाली हरणाचे कातडे अंथरलेले होते आणि देह कापडात नीट शिवलेला होता. चेहरा शांत होता. अतिश्रमाने हृदय थांबून मृत्यू आला असावा, असा अंदाज करण्यात आला. तो कफन शिवणारा, स्की रोवून खूण करणारा हात विलुमसेनचा होता. त्यानंतर तो तरुण एकटाच पुढे गेला.

वेगेनर यांचा देह तिथेच राहू द्यावा, अशी एल्से यांची इच्छा होती. सोबत्यांनी बर्फातच त्यांची कबर केली. मोहिमेचे काम मोठे भाऊ कुर्ट यांनी पूर्ण केले. आइसमिटेवरचे तिघेही जगले आणि तिथला बर्फ अडीच किलोमीटरहून अधिक जाड आहे, हे या मोहिमेत मोजून दाखवण्यात आले.

वेगेनर गेल्यावर त्यांचा सिद्धांत वीस-पंचवीस वर्षे मागे पडला. मग उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले, समुद्राच्या तळातून. १९५० नंतर अमेरिकेत मारी थार्प या संशोधिका समुद्रतळाचा नकाशा काढत होत्या. बायकांना तेव्हा संशोधनाच्या जहाजावर येऊ देत नसत. जहाजावरून आलेली खोलीची मोजमापे घेऊन त्या टेबलाशी बसून रेघा ओढत. अटलांटिकच्या मधोमध समुद्राखाली उत्तर-दक्षिण एक लांबच लांब पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावर त्यांना एक खोल दरी दिसली. तिथे पृथ्वीचे कवच फाटत होते. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांना आधी ते पटले नाही, कारण त्यावरून खंडवहन खरे ठरले असते! पुढे त्याच दरीत भूकंपांची केंद्रे ओळीने सापडली, तेव्हा त्यांनी मान्य केले. भूकंप म्हणजे आपला 'जलजला'.

१९६२ साली हॅरी हेस यांनी सांगितले, की या फटीतून तप्त खडक वर येतो, थंड होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत नवा समुद्रतळ बनतो. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याची खूणही दाखवली. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटते. उत्तर ध्रुवाच्या जागी दक्षिण ध्रुव येतो. थंड होणाऱ्या खडकात त्या त्या वेळची दिशा कोरली जाते. रांगेच्या दोन्ही बाजूंना असे पट्टे आरशातल्या प्रतिमेसारखे सारखे होते. १९६७-६८ पर्यंत चित्र स्पष्ट झाले. पृथ्वीचे कवच अनेक मोठ्या तुकड्यांत विभागलेले आहे. त्यांना 'भूपट्ट' म्हणतात. खंड समुद्रतळ फाडत जात नाहीत, तर खंड आणि समुद्रतळ हे एकाच भूपट्टावर बसून एकत्र सरकतात. वेगेनर यांना जे कोडे सुटले नव्हते, ते असे सुटले.

आपला भारतही अशाच एका भूपट्टावर आहे. तो दक्षिणेकडून निघाला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला. मधल्या समुद्राच्या तळाच्या वळ्या पडून हिमालय उभा राहिला. म्हणूनच एव्हरेस्टच्या माथ्यावरील खडकांत समुद्री जीवांचे अवशेष मिळतात. भारत आजही दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे जात आहे. आपल्या नखांची वाढही साधारण अशाच वेगाने होते.

ग्रीनलंडचे सरकणे आता उपग्रहांच्या साहाय्याने मोजतात. ते युरोपपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर जात आहे. वेगेनर यांच्याजवळची साधने एवढे लहान अंतर पकडू शकतील, अशी नव्हतीच. त्या बेटाच्या पोटात, वर्षानुवर्षे पडणाऱ्या हिमाखाली खोल गेलेली त्यांची कबर आहे, आणि तीही त्याबरोबर सरकते आहे.

एल्से वेगेनर दीर्घायुषी होत्या. त्यांनी पतीचे चरित्र लिहिले. १९९२ साली वयाच्या शंभराव्या वर्षी त्या वारल्या. तोपर्यंत खंडवहनाचा पाठ जगभरच्या शाळांतील मुले शिकू लागली होती. रासमुस विलुमसेनचा मात्र पत्ता लागला नाही. वेगेनर यांची शेवटच्या दिवसांची रोजनिशी बहुधा त्याच्याजवळ होती. तीही सापडली नाही.